काळ्या-पांढऱ्यातली माणसे

19 ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. 1839 साली याच तारखेला पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची कृती जाहीर झाली. पंधरा वर्षांत ही कला मुंबईत इतकी रुजली की 1854 साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी जोडलेले होते.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूत आपण मराठी माणसे मुख्यतः संगणकाच्या कामासाठी आलो, पण छायाचित्रांशी या गावाचेही नाते आहे. याच गावात बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीचे कार्यालय होते आणि तिथूनच 1995 साली तिने बेटमान संग्रह विकत घेतला. ओटो बेटमान 1935 साली नाझी जर्मनीतून निसटले ते चित्रांनी भरलेल्या ट्रंका घेऊन. त्यातून वाढलेल्या या संग्रहात एक कोटीहून अधिक चित्रे होती आणि त्यांतली पुष्कळशी कृष्णधवल. ती कुजू नयेत म्हणून पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या खाणीत, जमिनीखाली, गोठवणाऱ्या थंडीत ठेवण्यात आली. एवढा खटाटोप कशासाठी, हे समजायला एक फोटो पुरेसा आहे.

30 मार्च 1942. सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटाचा धक्का. जपानशी युद्ध सुरू होते आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकुमाने जपानी वंशाच्या 227 बेटवासीयांना सैनिकांच्या पहाऱ्यात घराबाहेर काढून छावण्यांत नेले जात होते. त्यांत फुमिको हायाशिदा होत्या. कडेवर तेरा महिन्यांची झोपलेली मुलगी, डोक्यावर टोपी, अंगात चांगला कोट आणि त्या कोटाला लटकवलेली, कुटुंबाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. सिएटलच्या एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. फोटो रंगीत असता तर नजर आधी कपड्यांच्या रंगांत रेंगाळली असती. इथे ती चेहऱ्यावरून चिठ्ठीकडे जाते आणि पुन्हा चेहऱ्याकडे येते, दुसरीकडे जायला तिला जागाच नाही. कृष्णधवल व्यक्तिचित्राची ताकद मला इथे दिसते. ते पाहणाऱ्याची पळवाट बंद करते.

दोनच महिन्यांत बेलव्ह्यूच्या जपानी शेतकऱ्यांवर तीच वेळ आली. तोडलेल्या जंगलाचे बुंधे उपटून त्यांनी इथली जमीन लागवडीखाली आणली होती, आणि तरीही 1921 च्या कायद्याने ती त्यांच्या मालकीची होऊ शकत नव्हती. त्यांच्याच स्ट्रॉबेरीवर 1925 पासून गावाचा उत्सव भरे. 1942 साली शेतकरी गेले आणि उत्सवही संपला. युद्धानंतर परतले ते थोडेच. आज त्या शिवारावर काचेचे मनोरे आणि बाजारपेठा आहेत. आपली पुष्कळ घरेही त्याच मातीवर आहेत, आणि हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे.

युद्धकाळात जपानी वंशाच्या या लोकांकडून रेडिओंबरोबर कॅमेरेही काढून घेतले होते. तरी तोयो मियाताके या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियाच्या मँझनार छावणीत चोरून एक भिंग नेले, लाकडाची पेटी जोडून कॅमेरा बनवला आणि आपल्या माणसांचे चेहरे टिपले. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी सरकारसाठीच काढलेले छावण्यांचे फोटो लष्कराने युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. चेहऱ्याची भीती सत्तेलाही वाटते.

आपल्या घरांतही या फोटोंची परंपरा आहे. आजोबा खुर्चीत ताठ, आजी मागे उभी, मागे रंगवलेला पडदा. फोटोवाला काचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या पुसायचा आणि स्थळासाठी पाठवायचा असला तर मुलीचा रंगही उजळवायचा. गोरेपणाच्या या हव्यासाने कितीतरी खरे चेहरे आपल्या हातून गेले. सावळ्या त्वचेवर उजेड पडला की गालाच्या हाडापासून मानेपर्यंत करड्या रंगाच्या किती छटा उतरतात! चांदीच्या क्षारांनी नीट केलेली कृष्णधवल छपाई त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळते. 1970-80 च्या दशकांतले रंगीत फोटो मात्र अल्बममध्येच तांबूस होऊन गेले.

आता प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो रंगीत फोटो आहेत आणि एका बोटाने ते कृष्णधवल करता येतात. पण रंग नुसते काढून टाकले की फोटो बहुधा मळकट दिसतो. उजेड आधी डोळ्यांनी पाहावा लागतो, आणि त्या बाबतीत बेलव्ह्यू भाग्यवान आहे. ज्या ढगाळ आभाळाला आपण ऑक्टोबरपासून कंटाळतो, त्याच्यासारखा मऊ, सावल्या न टोचणारा उजेड पैशाने मिळत नाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना एखाद्या सकाळी खिडकीशी बसवा. खोलीतले दिवे मालवा. चेहरा थोडा उजेडाकडे वळू द्या, डोळ्यांत खिडकीची चमक येऊ द्या, हातही चौकटीत घ्या. हसायला सांगू नका. त्यांना गावाबद्दल बोलू द्या आणि ते थांबले की फोटो काढा.

मग तो कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा, शाई पुढे उमटते. फुमिको हायाशिदांचा तो फोटो जगभर फिरला, पण कित्येक वर्षे त्याखाली त्यांचे नाव नव्हते. धक्क्यावरची ती बाई कोण, हे लोकांना कळेपर्यंत त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या.