खुब्याची झीज आणि बाजाराचा न्याय

खुब्याच्या सांध्यात हाडांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती झिजली की आपोआप भरून येत नाही. मर्यादित इजेवर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. परंतु हाडावर हाड घासू लागले की बहुधा सांधाच बदलावा लागतो.

ही झीज म्हणजे केवळ वार्धक्याचा भोग, असे मानणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे आहे. ब्रिटनने २००५ साली, दहा वर्षे वा अधिक काळ शेतीकाम केलेल्यांच्या खुब्याच्या संधिवातास व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे मात्र आयुष्यभर पोती वाहिलेल्या हमालाला ‘वय झाले’ एवढेच ऐकविले जाते.

किमतींवर नियंत्रण आणले तर संशोधन थांबेल, असा बाजारवाद्यांचा युक्तिवाद असतो. इतिहास काय सांगतो? पोलादी गोळा आणि घट्ट पॉलिथिलीनची वाटी असा टिकाऊ सांधा जॉन चार्नली यांनी १९६२ साली सिद्ध केला, तो इंग्लंडमधील रायटिंग्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात! उलट ‘नवा शोध’ म्हणून विकला गेलेला डीप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा सांधा रुग्णांच्या रक्तात धातूचे कण सोडू लागला. कंपनीने तो २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मागे घेतला. जगभरातून परत बोलाविला २०१० मध्ये. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा पुढे मागही लागला नाही. स्वीडनमध्ये अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ पासून आहे. जेथे माणसाची नोंदच नाही, तेथे भरपाई कोणाला देणार?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, कर वगळता, ५४,७२० रुपयांवर आला. म्हणजे इच्छा असेल तर बाजाराला वेसण घालता येते. मग त्या आदेशातून खुबा का वगळला? गुडघ्याला एक न्याय आणि खुब्याला दुसरा, हे कोणते अर्थशास्त्र?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात: खुब्याच्या सांध्यालाही कमाल किंमत, प्रत्येक रोपणाची सक्तीची सार्वजनिक नोंद, जिल्हा रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत, आणि श्रमाने झिजलेल्या सांध्याला व्यवसायजन्य रोगाचा दर्जा. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हमाल पंचायतींत आणि शेतमजुरांच्या मेळाव्यांत नेला पाहिजे. ज्यांच्या कष्टांवर समाज उभा आहे, त्यांना ताठ उभे राहता यावे, ही दयेची याचना नव्हे. तो त्यांचा हक्क आहे.