हंगाम अजून चालू आहे

वार्षिक परीक्षा आणि क्रिकेटचा हंगाम ही दोन्ही एकाच ऋतूत यावीत, ही पालकवर्गाची तक्रार काही नवी नाही. मार्च महिना सरत आला की घरोघरी एकीकडे उजळणी चालू होते आणि दुसरीकडे इंडियन प्रीमियर लीगचे सामने चालू होतात. मुलाचे एक डोळे पुस्तकात आणि दुसरे पडद्यावर, अशी स्थिती मेअखेरपर्यंत राहते. ही तक्रार अयोग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि आज आम्हांस जे दोन शब्द लिहावयाचे आहेत ते वेळेच्या अपव्ययाविषयी नाहीत. हंगाम चालू असताना खेळणाऱ्यांविषयी आपण जो न्याय करीत असतो, त्याविषयी आहेत.

बदलापूरहून अंबरनाथ, उल्हासनगर करीत मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये आदल्या रात्रीच्या सामन्याची चर्चा ज्याने ऐकली नाही असा विद्यार्थी आपल्या भागात विरळा. मुंबई इंडियन्स हा संघ हरलेला असला तर डब्यात न्यायालयच भरते. अमक्याला काढून टाकावे, तमक्याचे दिवस संपले, हा संघच आता संपला, असे निकाल अंबरनाथ येण्यापूर्वी लागतात आणि कल्याण येईपर्यंत शिक्षाही सुनावल्या जातात. बदलापूर ते मुंबई हे अंतर सुमारे अडुसष्ट किलोमीटर. आपल्यापैकी फारच थोड्यांस वानखेडे मैदानावर जाऊन सामना पाहावयास मिळतो, परंतु निवाडा करण्यास हे अंतर कधी आड येत नाही. मौज अशी की तोच संघ पुढच्या आठवड्यात दोन सामने जिंकला की तेच न्यायाधीश त्याच डब्यात त्याचा जयजयकार करीत असतात. आणि कालचा निकाल आपणच दिला होता, याची आठवणही कोणास राहत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, चालू हंगाम म्हणजे पूर्ण न झालेले वाक्य होय. ते मध्येच तोडून त्याचा अर्थ लावणारा मनुष्य बहुधा चुकतो. आणि कधी कधी त्या चुकीपायी दुसऱ्या कोणावर अन्यायही करतो.

सन २०१५ चा हंगाम पाहा. त्या वर्षी प्रत्येक संघास साखळीतील चौदा सामने खेळावयाचे होते. मुंबईचा संघ पहिले चार सामने ओळीने हरला. पाचवा जिंकला, सहावा पुन्हा हरला. सहा सामन्यांत एकच विजय! त्या दिवशी लोकलमधील न्यायालयाने काय निकाल दिला असेल, हे आम्ही सांगावयास नको. परंतु संघाने आरडाओरडा न करता आपली घडी बदलली. सलामीचा एक फलंदाज जायबंदी झाला, तेव्हा लेंडल सिमन्स आणि पार्थिव पटेल ही जोडी पुढे आली. सिमन्सने त्या हंगामात ५४० धावा केल्या आणि लसिथ मलिंगाने २४ बळी घेतले. उरलेल्या आठ सामन्यांपैकी सात जिंकून संघ साखळीत दुसरा आला आणि २४ मे २०१५ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनवर चेन्नईच्या संघास ४१ धावांनी हरवून विजेता ठरला. त्याच हंगामात बडोद्याचा एक नवखा तरुण मुंबईकडून प्रथमच या स्पर्धेत उतरला होता. कोलकात्याविरुद्धच्या महत्त्वाच्या सामन्यात त्याने एकतीस चेंडूंत नाबाद ६१ धावा काढल्या. त्याचे नाव हार्दिक पंड्या. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

यावर कोणी चतुर विद्यार्थी विचारील की, प्रत्येक वाईट आरंभाचा शेवट असाच गोड होतो काय? होत नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. सन २०२२ मध्ये हाच संघ पहिले आठ सामने ओळीने हरला आणि अखेर दहा संघांत दहावा राहिला. धीर धरल्याने यश हटकून मिळते, असे आश्वासन आम्ही देत नाही. तसे आश्वासन देणारा शिक्षक मुलांची फसवणूक करतो. परंतु त्या बुडालेल्या हंगामातही एकोणीस वर्षांचा तिलक वर्मा आपल्या पहिल्याच वर्षी ३९७ धावा करून गेला. संघ तळाशी असताना त्या मुलास संधी मिळत राहिली आणि तिचे त्याने सोने केले. पुढे २८ सप्टेंबर २०२५ रोजी दुबई येथे आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारताचा डाव अडचणीत असता नाबाद ६९ धावा करून ज्याने विजय मिळवून दिला, तो हाच तिलक वर्मा. पेरणीच्या वर्षी पीक आले नाही म्हणून पेरणी वाया गेली असे शेतकरी म्हणत नाही; मग आपण का म्हणावे?

अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ फार लोकप्रिय आहे. तेथील व्यावसायिक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतात. त्यांतील शंभर सामने जिंकणारा संघ उत्कृष्ट गणला जातो. म्हणजे पाहा, उत्कृष्ट संघाच्या पदरीही बासष्ट पराभव असतात! तेथे एका पराभवावरून कोणी रडत बसला तर त्यास वर्षातून दोन महिने रडावे लागेल. त्या देशातील बोस्टनचा संघ १९१४ साली जुलैच्या ४ तारखेस आपल्या गटात अगदी शेवटचा होता. ऑक्टोबरात त्याने फिलाडेल्फियाच्या बलाढ्य संघास चार सामन्यांत चारही वेळा हरवून जगज्जेतेपद मिळविले. वॉशिंग्टनच्या संघाने २०१९ साली पहिल्या पन्नास सामन्यांत एकोणीस जिंकले आणि एकतीस गमावले, तरी त्याच वर्षी तो विजेता झाला. लांब हंगामाचा खेळ प्रेक्षकास जे शिकवितो ते हेच की, एका दिवसाचा निकाल खरा असतो, पण तो सबंध सत्य नसतो.

आता आम्ही ज्या प्रसंगाविषयी लिहावयास बसलो आहोत त्याकडे वळतो. सन २०२४ च्या हंगामापूर्वी मुंबई इंडियन्सने आपला कर्णधार बदलला. ज्याच्या नेतृत्वाखाली संघाने पाच विजेतेपदे मिळविली त्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याची नेमणूक झाली. मधली दोन वर्षे तो गुजरातच्या संघाचा कर्णधार होता. मुंबईच्या चाहत्यांस हा बदल रुचला नाही. न रुचणे हा त्यांचा अधिकार होता. परंतु पुढे जे घडले त्याचे समर्थन आम्हांस करता येत नाही. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवरील पहिल्या सामन्यात नाणेफेकीसाठी आलेल्या आपल्याच कर्णधाराची मुंबईकर प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. अखेर मुंबईचेच माजी कसोटीपटू संजय मांजरेकर, जे नाणेफेकीच्या वेळी निवेदन करीत होते, त्यांना प्रेक्षकांस नीट वागण्याविषयी सांगावे लागले. नेमणूक करणारे कोणी दुसरेच होते. शिव्याशाप मात्र नेमल्या गेलेल्याच्या वाट्यास आले. संघ त्या वर्षी पुन्हा दहावा राहिला.

त्यानंतर तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक टाकावयाचे होते. दक्षिण आफ्रिकेस सोळा धावा हव्या होत्या. कर्णधार रोहित शर्माने चेंडू दिला तो हार्दिक पंड्याच्या हाती. पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरचा उंच फटका सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर झेलला आणि भारत सात धावांनी विश्वविजेता झाला. ४ जुलै रोजी विजयी वीरांची मिरवणूक मुंबईत निघाली आणि वानखेडेवर त्यांचा सत्कार झाला. तेच मैदान, तेच प्रेक्षागार आणि तोच मनुष्य. पण आता त्याच्या नावाचा जयघोष होत होता! त्या जयघोषात एप्रिलमध्ये हुर्यो उडविणारे किती कंठ होते, हे कोण सांगणार? परंतु त्यांतील एकाने जरी त्या रात्री घरी जाताना मनाशी थोडी लाज बाळगली असेल, तर तो खरा क्रीडारसिक झाला असे आम्ही समजू.

त्याच एप्रिलची आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. दरवर्षी मुंबईचा संघ एक सामना समाजसेवी संस्थांतील मुलांसाठी ठेवतो. ७ एप्रिल २०२४ रोजी दिल्लीविरुद्धच्या सामन्यास अशी सुमारे अठरा हजार मुले आली होती. ओळीने तीन सामने हरलेला तो संघ त्या दिवशी हंगामातील पहिला सामना जिंकला. मुलांच्या उपस्थितीने सामना जिंकला गेला असे आम्ही म्हणत नाही; खेळाचे यश खेळणाऱ्याच्या हातांत असते. तथापि हरत असलेल्या संघास उत्तेजन देण्यास त्या लहानग्यांस कोणी शिकवावे लागले नाही, आणि थोरांस मात्र नीट वागा म्हणून सांगावे लागले, यात शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

कोणी म्हणेल, पैसे मोजून तिकीट घेणाऱ्याने टीकाही करू नये काय? अवश्य करावी. कर्णधाराने चुकीच्या गोलंदाजास षटक दिले, अमुक फलंदाजाने बेफिकीर फटका मारला, हे बोलण्यात काही वावगे नाही. उलट अशा चर्चेने खेळाची समज वाढते. परंतु टीका कृत्यावर असते आणि हुर्यो मनुष्यावर असते. टीकेस कारण द्यावे लागते. हुर्योस केवळ घसा पुरतो. आमच्या विद्यार्थ्यांनी घशाऐवजी कारणांची कास धरावी.

आणि पैजेचा नाद तर कोणी चुकूनही लावून घेऊ नये. ज्याने आजच्या सामन्यावर पैसे लावले त्यास सबंध हंगामाशी काही कर्तव्य उरत नाही. त्याचा खेळाडू त्याच रात्री देव होतो किंवा चोर ठरतो. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. परंतु कायदा दाराशी पहारा करतो. मनाचा पहारा आपला आपणच ठेवला पाहिजे.

आता शेवटी पालकांस एक विनंती. क्रिकेटच्या हंगामाविषयी आम्ही जे लिहिले ते आपल्या घरातील हंगामासही लागू आहे. सहामाही परीक्षेत गणितात मागे पडलेल्या मुलास, शेजारच्या मुलाचे गुण सांगून पाहुण्यांदेखत हिणविणे, ही देखील एक प्रकारची हुर्योच होय. आणि तिचा आवाज वानखेडेवरील आवाजाहून लहान असला तरी तो अधिक खोल जातो, कारण तो घरच्यांचा असतो. मुलाच्या चुका अवश्य दाखवाव्यात. कोठे घडी बदलावी लागेल, कोणता विषय पहाटे आणि कोणता रात्री घ्यावा, हे त्याच्याशी बसून ठरवावे. सन २०१५ च्या संघाने तेच केले. परंतु आमचा मुलगा संपला, असा निकाल अंबरनाथ येण्यापूर्वी देऊ नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीही एक शब्द. सन २०२५ मध्ये मुंबईचा संघ पहिल्या पाच सामन्यांपैकी चार हरला. मग ओळीने सहा जिंकून शेवटच्या चार संघांत पोहोचला. आणि १ जून रोजी पंजाबच्या संघाकडून हरून अंतिम सामन्यास मुकला. त्यास यश म्हणावे की अपयश? आम्हांस वाटते, कर्णधार पंड्यास त्या वर्षी जर कोणी विचारले असते, तर पहिल्या पाच सामन्यांनंतर तो मैदान सोडून गेला नाही हेच त्याचे उत्तर ठरले असते. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्यापैकी कोणाचे पेपर चांगले गेले असतील, कोणाचे वाईट. ज्याचे वाईट गेले त्याने पुढच्या पेपराची तयारी करावी. आणि ज्याचे चांगले गेले त्याने शेजारच्या बाकावरील मित्राची थट्टा न करता त्यास अडलेले उदाहरण समजावून सांगावे. हंगाम अजून चालू आहे. त्याचाही आणि तुमचाही.