जुना मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी विचारा, तो कुठे राबला

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा, सोलापूरची डाळिंबं, कोकणातली भातखाचरं, सगळीकडे आज जुन्या मिनी ट्रॅक्टरला गिऱ्हाईक आहे. जुना घेण्यात कमीपणा काही नाही. पंधरा ते अठ्ठावीस एचपीचं यंत्र पहिल्या मालकाने सांभाळलेलं असेल तर दुसऱ्याकडेही वर्षानुवर्षं काम देतं. फक्त मोठ्या ट्रॅक्टरचे ठोकताळे त्याला लावू नका. मोठा झिजतो नांगरटीत आणि ट्रॉलीखाली. लहान झिजतो तो मुख्यतः पीटीओवर आणि फोर व्हील असेल तर पुढच्या एक्सलमध्ये. म्हणून किंमत काढण्याआधी मालकाला एवढंच विचारा, की याच्याकडून आजवर काम काय घेतलं?

द्राक्षबागेतला ट्रॅक्टर असेल तर त्याचं निम्मं आयुष्य ब्लोअर ओढण्यात गेलेलं असतं. एका हंगामात फवारण्यांचा सपाटा चालतो आणि दर वेळी इंजिन पीटीओच्या ५४० फेऱ्यांसाठी चढ्या वेगाने फिरत असतं. शिवाय मोरचूद आणि गंधकाचा तुषार अंगावर बसतो. असा ट्रॅक्टर बाहेरून रंगवून दिला जातो, पण मडगार्डची आतली बाजू, बॅटरीखालची पेटी, वायरिंगचे जोड आणि रेडिएटरच्या जाळ्या खाल्लेल्या असतील तर त्या लपत नाहीत. मागे बसा आणि पीटीओ शाफ्टच्या खाचांवरून बोट फिरवा. दाते बोथट चौकोनी हवेत. ते धारदार, टोकेरी झाले असतील तर शाफ्टचा खर्च किमतीतून वजा करा.

भातशेतीतला ट्रॅक्टर असेल तर गोष्ट वेगळी. चिखलणीत एक्सल पाण्यात बुडतात आणि सील गेलं की पाणी आत शिरतं. पुढच्या एक्सलचा आणि मागच्या हाउसिंगचा ऑइल प्लग किंचित ढिला करून दोन थेंब बाहेर काढायला सांगा. ऑइल दुधाळ, चहासारखं निघालं तर बेअरिंग आणि गिअर किती दिवस त्यात फिरले याचा हिशेब कुणी देणार नाही. मालक प्लग उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

एखाद्याने मिनीला ट्रॉली लावून वीट, वाळू वाहिलेली असते. हे तो सांगणार नाही, हूक सांगतो. ड्रॉबारचं भोक गोल न राहता लांबट झालेलं असेल, किंवा गिअरबॉक्सजवळ वेल्डिंगचा डाग दिसत असेल, तर ओळखून घ्या.

अवर मीटरवर फार भिस्त ठेवू नका. बऱ्याच जुन्या मॉडेलांत ते इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं, म्हणून मंद वेगातला तास पूर्ण तास म्हणून मोजला जात नाही. शिवाय मीटर बदलता येतं. मीटर सहाशे तास दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचा रबर गुळगुळीत, सीट फाटलेली, स्टेअरिंग घासून चकचकीत, असं असेल तर पेडलवर विश्वास ठेवा.

पाहायला जाताना फोनवरच सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. ते गरम लागलं तर सकाळी ढकलून किंवा दुसऱ्या बॅटरीवर सुरू केलेलं असण्याची शक्यता धरा आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिनने सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडला तर बिघडत नाही. निळा धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय. काळा फक्त ओझ्याखाली येत असेल तर एअर फिल्टर किंवा डिझेल पंपाचं काम निघेल. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून पाहा. तिथून जोरात भपकारे येत असतील तर रिंगांचं काम जवळ आलंय. एक सिलिंडरचे युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ थरथरतातच, त्याला दोष समजू नका. मात्र त्या थरथरीने ढिले झालेले बोल्ट आणि तडकलेले ब्रॅकेट जरूर शोधा.

मग रोटाव्हेटर जोडून अर्धा तास शेतात चालवून पाहा. रस्त्यावरची फेरी ही तपासणी नव्हे. ओझ्याखाली गिअर निसटतो का, क्लच घसरतो का, पाणी उकळतं का, हे शेतातच कळतं. परतल्यावर रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद करा आणि त्याच्याखाली न जाता पंधरा मिनिटं बघा. हळूहळू खाली आला तर चालतं. थोड्याच वेळात जमिनीला टेकला, किंवा इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी ठोके देत वरखाली होत असेल, तर हायड्रोलिकचं काम आहे.

फोर व्हील मॉडेलमध्ये टायर नीट वाचा. पुढचे आणि मागचे टायर कंपनीने ठरवलेल्या मापाचेच हवेत. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित वेगाने फिरावीत अशी गिअरची रचना असते. मिळेल ते टायर बसवले की ताण थेट पुढच्या गिअरांवर येतो. खिशाला परवडणारे रिमोल्ड टायर इथे महाग पडतात.

आता कागद. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः ट्रॅक्टरवर पाहून जुळवा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, तारीख बघा. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन व्यवहार संपत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. टाळाटाळ करणाऱ्या विकणाऱ्याला हे जरूर सांगा, तो स्वतःच आरटीओत पळेल. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. आपल्याकडे बरेच मिनी ट्रॅक्टर अनुदानावर आलेले आहेत. समाजकल्याण विभागाच्या योजनेत बचत गटांना ९ ते १८ एचपीचे ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर मिळतात. कृषी विभागाचं अनुदान वेगळंच. अशा यंत्राला ठरावीक मुदतीत न विकण्याची लेखी अट असते. मंजुरीचा आदेश मागा आणि मुदत संपलीय का ते संबंधित कार्यालयात विचारा.

मिस्त्री बरोबर न्या, पण तो विकणाऱ्याच्या किंवा दलालाच्या ओळखीचा नको. इसार द्यायचा तर थोडाच द्या आणि पावती घ्या. पूर्ण रक्कम मात्र फॉर्मवर सह्या होऊन ते आरटीओत दाखल झाल्याशिवाय देऊ नका, मग समोर सख्खा पाहुणा असला तरी.