संशयिताच्या हाती तपास



आपल्या घरांत पुस्तकाला मान आहे. बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी, हे आपल्या लहानग्यांनाही ठाऊक असते. मुलगा परीक्षेचे पुस्तक घेऊन बसला की घरातली माणसे हळू आवाजात बोलतात. तोच मुलगा रहस्यकादंबरी घेऊन बसला की मात्र “अभ्यास सोडून हे काय फालतू वाचतोस?” असे ऐकावे लागते. आईबापांची ही काळजी आम्हांला समजते. एका पिढीच्या घामावर दुसरी पिढी शिकत असते, तेव्हा वेळ वाया गेलेला परवडत नाही. तरीही या सदरातून आज आम्ही एका रहस्यकादंबरीचीच शिफारस करणार आहोत.

कादंबरी अमेरिकेतली आहे. नाव ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’, म्हणजे निळ्या पोशाखातला सैतान. नावातला निळा रंग पाहून कुणी रागावू नये, आपल्या निळ्या झेंड्याशी त्याचा काही संबंध नाही! ती १९९० साली प्रसिद्ध झाली. लेखक वॉल्टर मोस्ली. त्यांचे कृष्णवर्णीय वडील लॉस एंजेलिसच्या एका सरकारी शाळेत सफाई कामगारांचे मुकादम होते, तर ज्यू समाजातली आई कचेरीत कारकून होती. ज्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्यांच्यातलाच हा लेखक.

कथेचा नायक ईझी रॉलिन्स. काळ १९४८ चा. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला हा काळा जवान लॉस एंजेलिसच्या विमान कारखान्यात कामाला लागतो. एके दिवशी थकल्यामुळे तो जादा काम नाकारतो आणि त्याची नोकरी जाते. त्याने कर्ज काढून एक लहानसे घर घेतलेले असते. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या घरात तो वाढला. स्वतःच्या मालकीची अशी ही त्याची पहिलीच वस्तू. हप्ता भरायला पैसे नाहीत. अशा वेळी एक गोरा माणूस येतो, नोटा पुढे करतो आणि एका गोऱ्या तरुणीचा ठावठिकाणा काढायला सांगतो. ती काळ्यांच्या वस्तीतल्या गाण्याबजावण्याच्या अड्ड्यांवर दिसते, म्हणून तिथे वावरू शकणारा माणूस त्याला हवा असतो. ईझी हो म्हणतो आणि मग खुनामागून खून पडू लागतात.

पुस्तक खाली ठेववत नाही, याचे कारण खून हे नव्हे. खून तर प्रत्येक रहस्यकथेत असतात. इथे आपल्याला धास्ती असते ती त्या घराची. हप्त्याच्या तारखेची भीती काय असते, हे गिरणीतल्या, गोदीतल्या आणि आजच्या कंत्राटी कामगाराला कुणी शिकवायला नको.

एक प्रसंग आम्हांला विशेष भावला. नोकरी परत मागायला ईझी मुकादमाकडे जातो. त्याने गयावया करावी, अशी मुकादमाची इच्छा असते. गरज असूनही ईझी ते करीत नाही. आपल्याला मिस्टर रॉलिन्स म्हणावे, मानाने बोलावे, असे तो बजावतो. ज्यांच्या बापजाद्यांना गावात नावापुढे ‘या’ लावून हाक मारली जाई, त्यांना या प्रसंगाची किंमत कळेल.

शेरलॉक होम्सच्या दारी पोलीस येतात ते सल्ला विचारायला. ईझीला पोलीस उचलून नेतात आणि मारहाण करतात. वस्तीत गुन्हा घडला की पहिला संशय कुणावर, हे ठरलेलेच! आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसाचा जन्मच गुन्हा ठरवला. सोलापूरला त्या लोकांसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर संशय अजूनही आधी पोचतो. मोस्लींनी एवढेच केले की अशा संशयिताच्याच हाती तपास दिला. त्यामुळे गुन्हेगार शोधणे ही ईझीसाठी हौस राहत नाही. तो सापडला नाही तर फासात आपलीच मान जाणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आणि माणसे किती लोभस! ईझी घाबरतो, मोहात पडतो, पण मनातला एक आवाज त्याला ताठ उभे राहायला सांगतो. माऊस नावाचा त्याचा मित्र बोलायला गोड, पण खून करताना हात न कचरणारा. ईझीला त्याची भीतीही वाटते आणि गरजही. पुढच्या कादंबऱ्यांत ईझी दोन अनाथ लेकरांना पोटच्यासारखे वाढवतो. एका कादंबरीत तो शाळेत सफाई कामगारांचा मुकादम होतो, लेखकाच्या वडिलांसारखाच. अशा लेखकाला २०२० साली अमेरिकेतल्या नॅशनल बुक फाउंडेशनने साहित्यातील एकूण कामगिरीबद्दल पदक दिले.

त्या तरुणीचे रहस्य आम्ही फोडणार नाही. ते आपल्या समाजाच्या फार जवळचे आहे, इतकेच सांगतो.

पुस्तकात मारामारी आहे, काही प्रसंग मोठ्यांसाठीच आहेत. म्हणून ते कॉलेजच्या मुलामुलींनी वाचावे. ज्यांच्या घरी इंग्रजी वाचणारे कुणी आहे, त्यांनी रविवारी जेवणानंतर त्याला एकेक प्रकरण मराठीतून सांगायला लावावे. सांगणाऱ्याची भाषा सुधारेल आणि ऐकणाऱ्या आजीलाही पुढच्या रविवारची ओढ लागेल. आपल्या माणसांनी शिकावे, संघटित व्हावे, संघर्ष करावा आणि कधी उशाशी दिवा ठेवून ‘आता पुढे काय?’ म्हणत पानेही उलटावीत. तो आनंदही आपल्या हक्काचा आहे.

जयभीम!