परतीच्या पावसातला आगेरा

मुंबई-वसई पट्ट्यातल्या कॅथलिक गावांत ऑक्टोबरचा पहिला रविवार आगेऱ्याचा. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघरी पोहोचतात. २०२६ साली हा रविवार ४ तारखेला, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणालाच येतो. आदल्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, फ्रान्सिसच्या मृत्यूला ८०० वर्षे पूर्ण होतात.

या योगाकडे नीट पाहायला हवे. आगेरा म्हणजे पीक हाती आल्याचा आनंद. फ्रान्सिसने सृष्टीचे स्तुतिगीत रचले ते मात्र हातात काहीच उरले नसताना. १२२५ साली तो सान दामियानो इथे आजारी पडून होता. डोळे जवळजवळ गेले होते, दिवसाचा उजेडही सोसवत नव्हता आणि झोपडीतल्या उंदरांपायी रात्रीची झोप नव्हती. ज्याला सूर्याकडे बघणे अशक्य झाले होते, त्याने सूर्याला भाऊ म्हटले आणि त्याच्यासाठी देवाची स्तुती केली. पुढे डोळ्यांवर उपाय म्हणून तापलेल्या लोखंडाचे डाग द्यायचे ठरले, तेव्हा गीतात ज्या अग्नीला त्याने भाऊ म्हटले होते त्यालाच, जरा सौम्यपणे वाग, अशी विनवणी केल्याचे त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवले आहे.

त्याच सोबत्यांनी सांगितलेली आणखी एक हकिकत आम्हाला अधिक मोलाची वाटते. असिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात वितुष्ट आले. बिशपांनी नगरप्रमुखाला धर्मबहिष्कृत केले. त्याने उलट, बिशपांशी कोणीही खरेदी-विक्री करू नये, अशी दवंडी पिटवली. मध्यस्थी करायला कोणी पुढे येईना. अंथरुणाला खिळलेल्या फ्रान्सिसने क्षमा करणाऱ्यांसाठी एक नवे कडवे रचून गीतात घातले, दोघांना एकत्र बोलावणे धाडले आणि आपल्या बंधूंना त्यांच्यासमोर ते गायला पाठवले. उपदेश नाही, निवाडा नाही, फक्त गाणे. ऐकता ऐकता नगरप्रमुख उठून उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी आले, आणि दोघांनी एकमेकांना क्षमा केली.

स्तुती अशी भांडणाच्या मधोमध जाऊन उभी राहू शकते. आपल्या गावांतही बांधावरून, सामाईक विहिरीवरून, वडिलोपार्जित जागेच्या वाटणीवरून भाऊ-भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. मिस्सेला येतात ते वेगवेगळ्या दारांनी. अशा दोन घरांना आगेऱ्याच्या मिरवणुकीत शेजारी-शेजारी चालायला लावणे हे ज्या वडीलधाऱ्यांना जमेल, त्यांनी ते जरूर करावे.

आनंदाने स्तुती करायची तर आधी मन आनंदी हवे, असे आपण गृहीत धरतो. बायबलची साक्ष वेगळी आहे. फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाल्लेले पौल आणि सीला मध्यरात्री गात होते. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिसकन बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर असताना ते मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणत होते आणि त्यांच्याबरोबरचा अंतोनियो हा कोवळा मुलगा स्तोत्र गात होता. एखाद्या वर्षी परतीचा पाऊस उभे भात आडवे करतो. बऱ्याच ठिकाणी तर शेतेच उरली नाहीत, तिथे इमारती आहेत. तरीही लोंब्या चर्चमध्ये जातात, आणि त्या जायलाच हव्यात. पीक बुडाल्या वर्षीचा आगेरा आम्हाला अधिक खरा वाटतो.

स्तुती रोजच्या जगण्यात उतरायची तर ती तोंडात बसलेल्या भाषेत आणि चालीत हवी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हे फार आधी ओळखले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंग, भजने, कीर्तन दिले. आजही ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांची पदे भेटतात. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही ती पदे दळताना, निंदताना गाता आली. कॅथलिकांची मिस्सा मात्र लॅटिनमध्येच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडले आणि मग वेदीवर मराठी आली.

आता गाणी पुष्कळ आहेत. वाद्ये आहेत, ध्वनिवर्धक आहेत, मेहनती गायकवृंद आहेत. त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. पण गायकवृंद गातो आणि बाकीचे ऐकतात, ही सवय वाढते आहे. घरी संध्याकाळच्या जपमाळेनंतर एखादे गीत म्हणायचे, तर शब्दांसाठी मोबाइल शोधावा लागतो. पहाटेच्या लोकलने फुले-भाजी विकायला जाणाऱ्या बाईला, रात्रपाळीच्या नर्सला, समुद्रावरच्या कोळ्याला उपयोगी पडेल ते गाणे वाद्याविना म्हणता येणारे आणि पाठ असलेले हवे.

घराघरांतल्या आजी-आजोबांना अशी गाणी पाठ आहेत. त्यांतली काही कुठेच छापलेली नाहीत. नाताळचा सराव सुरू व्हायला अजून थोडे आठवडे आहेत. तेवढ्यात प्रत्येक गायकवृंदातल्या तरुणांनी वही घेऊन आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडे जावे, शब्द उतरवून घ्यावेत आणि चाल त्यांच्याच तोंडून शिकावी.