ठेवीदारांनी किती थांबायचे?

सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सांगण्यात आले, सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील. आयुष्यभराची पुंजी बँकेत आणि औषधाला पैसे नाहीत! बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती. ती दडवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली गेली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. लेखापरीक्षकांना हे वर्षानुवर्षे दिसू नये, हे संतापजनक आहे. २०२२मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या ठेवी मात्र टप्प्याटप्प्याने दहा वर्षांत मिळणार. सत्तरी ओलांडलेल्याने एवढे थांबायचे कसे? सरकारने ज्येष्ठांची देणी आधी फेडण्याची तजवीज करावी.