न दिलेले घेणे

पंचशीलातील दुसरे शील आपल्या वसतिगृहात रोज सकाळी म्हटले जाते. त्याचा अर्थ मुलांना सांगताना आपण बहुधा ‘मी चोरी करणार नाही’ एवढे सांगून मोकळे होतो. मूळ पाली शब्द मात्र ‘अदिन्नादान’ असा आहे. म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. चोरीपेक्षा त्याची व्याप्ती पुष्कळ मोठी आहे. कुलूप फोडले नाही, खिसा कापला नाही, मालकाला पत्ताही लागला नाही; तरीही त्याने ती वस्तू समजून-उमजून दिलेली नसेल तर ती घेणे हे अदिन्नादानच होय. मोबाइल फोनमधून आपली माहिती ज्या रीतीने नेली जाते, तिला याहून नेमके नाव मला सापडलेले नाही.

साधा बटणांचा फोनसुद्धा चालू असताना जवळच्या टॉवरशी संपर्क राखून असतो. त्याशिवाय कॉल त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. मुरुडहून बार्शीच्या रस्त्याला लागलेला माणूस कोणत्या टॉवरच्या टापूत केव्हा होता, हे त्यामुळे कळू शकते. स्मार्टफोनची झेप याच्या कितीतरी पुढची आहे. उपग्रहांच्या साहाय्याने तो आपले ठिकाण काही मीटरपर्यंत सांगतो. जाहिरातदारांसाठी त्याला एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली आपण काय पाहिले, कोठे थांबलो, काय विकत घेतले याची नोंद साठत जाते. विजेरीचे अ‍ॅप संपर्कयादी मागते तेव्हा उजेडासाठी तिची काय गरज, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. इंग्रजीतील लांबलचक अटींखाली आपण ‘मान्य’ म्हणून बोट टेकवतो. वाचता न आलेल्या कागदावर सावकाराने घेतलेला अंगठा मराठवाड्याने पुष्कळ पाहिला आहे. ही संमती त्याच जातीची.

जातीचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. एखादा फोन ६ डिसेंबरला दादरला असतो, अशोक विजयादशमीला नागपूरला आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावला. त्यात वंदनेची ध्वनिफीत रोज पहाटे वाजते. अशा फोनच्या मालकाला त्याची जात वा धर्म कोणी विचारण्याची गरज उरते काय? त्याने सांगितलेले नसते, कोणी विचारलेलेही नसते. तरी अनुमान तयार असते.

ओळख आपण होऊन सांगणे आणि ती आपल्या नकळत काढली जाणे यांतील अंतर आपल्या समाजाला नवे नाही. १९१७ साली उच्च शिक्षण घेऊन परतलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ‘माझ्याकडे लपविण्यासारखे आहेच काय?’ असे आज पुष्कळजण म्हणतात. माझ्या मते ज्याला आडनाव सांगितल्यावर भाड्याची खोली नाकारली गेलेली नाही, त्यालाच हे म्हणणे परवडते. आपली ओळख अभिमानाने मिरवणे हा आपला हक्क आहे. पण कोणापुढे, केव्हा आणि किती सांगायचे हे ठरविणेही त्याच हक्कात येते.

संपर्कयादीचा धडा तर घराघरांत पोहोचला आहे. काही मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप्स फोनमधील सगळे क्रमांक उचलत आणि हप्ता चुकला की मामा, व्याही, शेजारी यांना फोन करून कर्जदाराची बेअब्रू करीत. दोन हजारांचे कर्ज एकाचे आणि लाज साऱ्या गोतावळ्याची! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्ज देणाऱ्या अ‍ॅप्सना संपर्कयादी, कॉलची नोंद व छायाचित्रे यांना हात लावण्यास मनाई केली. परवान्यावाचून चालणारी अ‍ॅप्स ती कितपत जुमानतात, हा प्रश्न उरतोच.

खासगीपणाचा आग्रह ही पाश्चात्त्यांची व श्रीमंतांची चैन आहे, असेही ऐकू येते. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सिद्ध केले. नागरिकाचा देह, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, हा हक्क त्यात आहे. राज्यघटनेत तो स्वतंत्र कलम म्हणून आला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले, तेव्हा निकालपत्रात या जुन्या मसुद्यांचीही चर्चा झाली. आजचे घर आणि आजची कागदपत्रे फोनच्या आत आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पेगासस या हेरगिरीच्या प्रणालीबाबत ज्यांना सावध केले, त्यांत लेखक आनंद तेलतुंबडे यांचे नाव होते. ही प्रणाली केवळ सरकारांनाच विकतो, असे ती बनविणारी इस्रायली कंपनी सांगत आली आहे. यातून काय समजावे ते सुज्ञांस सांगणे नको.

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविता येणार नाहीत, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकते. घराला दार बसवायचे आणि किल्ली वाड्यावर ठेवायची, असा हा प्रकार आहे.

इतरांकडे बोट दाखविताना आपल्यासारख्या संस्थांनी स्वतःकडेही पाहावे. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांची यादी नाव, जात, आधार क्रमांक व बँक खात्यासह पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकली जाते, हे मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. हेतू सरळ असतो, घाई असते. पण ती यादी पुढे कोठवर जाते याचा माग कोणालाच काढता येत नाही. दहावीचा निकाल लागतो न लागतो तोच खासगी शिकवण्यांचे फोन पालकांना येऊ लागतात; क्रमांक कोठून मिळाला असे विचारले तर पलीकडून धड उत्तर येत नाही. अकरावीनंतर महाडीबीटीवर अर्ज भरताना मुले नेट कॅफेत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुक स्कॅन करतात. अर्ज भरून होतो, मूल घरी जाते, कागद त्या संगणकावर तसेच राहतात. ओटीपीही पुष्कळदा कॅफेवाल्यालाच वाचून दाखविला जातो.

शिष्यवृत्तीच्या यादीत केवळ नोंदवहीतील क्रमांक द्यावा, जात व खाते क्रमांक देऊ नयेत. त्रुटी असल्यास त्या-त्या पालकाला स्वतंत्र कळवावे. अर्ज शाळेच्याच संगणकावर भरले जावेत आणि पावती हाती पडताच स्कॅन केलेले कागद मुलासमक्ष पुसले जावेत. याला फारसा खर्च नाही, माणूसबळ मात्र हवे. पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारे आपले माजी विद्यार्थी आता थोडेथोडके नाहीत. अर्जाची मुदत संपण्यापूर्वीचा एक रविवार त्यांनी शाळेला द्यावा. सकाळी मुलांचे अर्ज भरावेत आणि दुपारी, मुलांना भेटायला आलेल्या पालकांना शेजारी बसवून, त्यांच्या फोनमधील कोणते अ‍ॅप काय-काय घेते ते मराठीत वाचून दाखवावे.